शेठ पेवात उतरले

मेहरुनबी साताऱ्याला आली, तेव्हा नाथाजी वकील सयाजी निकमच्या ओसरीवर बसून सयाजीच्याच दुधाचा चहा पीत होते. वकिलांकडे सनद होती, काळा कोट होता आणि जगाबद्दल ठाम मतं होती. पक्षकार तेवढे नव्हते. सयाजी पूर्वी फौजदार होता. एका बड्या अधिकाऱ्याच्या घरची चोरी त्या अधिकाऱ्यानंच केली, असं त्यानं सिद्ध केलं आणि खात्यानं त्याला तत्परतेनं घरी बसवलं. तेव्हापासून तो खाजगी तपास करी आणि वकील त्याला सोबत करीत. सोबतीचा खर्च सयाजी करी.

"आवं सायेब, माझं पेव कुजलं," बाई दारातूनच म्हणाली.

"पेव म्हणजे?" वकिलांनी विचारलं. इंग्रजी कायद्यात पेव नव्हतं.

"सांगलीजवळ हरिपूरच्या रानात जमिनीखाली हंड्यावाणी खोल खड्डे असत्यात. तोंड बारकं. त्यात हळद भरायची, वर फरशी घालायची, माती लोटायची. वर्सानुवर्सं टिकती. भाव चढला की काढायची."

तिनं पदर सावरला आणि सगळं सांगितलं. नवरा पाथरवट, दोन वर्षांपूर्वी वारलेला. लढाई सुरू झाली त्या साली त्यानं आयुष्याची कमाई आणि हिच्या पाटल्या मोडून आलेले पैसे मोहिद्दीनशेठच्या हवाली केले होते.

"व्याज आमाला हराम. म्हनून शेठनी भागी काढली. पैसा आमचा, मेहनत त्येंची. नफा झाला तर निम्मा-निम्मा. तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा गेला, मेहनतवाल्याची मेहनत गेली. लबाडी मातुर कुनी करायची न्हाई."

"हेच ते!" वकील म्हणाले. "बँकेत ठेवले असते, तर आज व्याजासकट हातात असते."

"तुमची बँक कुठाय, वकील?" सयाजीनं विचारलं.

वकिलांची बँक लढाईच्या दुसऱ्या वर्षी बुडाली होती. तिच्या डायरेक्टरांच्या बंगल्यातली गुलाबाची बाग तेवढी तगली होती. वकिलांनी चहाकडे लक्ष दिलं.

"पेव उघडलं कुणी?" सयाजी बाईकडे वळला.

"शेठनी. जमातीचे चार बुजुर्ग हुते, मी हुते. फरशीवर माझ्या धन्यानं सोता कोरल्याली चंद्रकोर हाय. ती मी हात लावून बघितली. फरशी सरकवली तसा शेठ रडत रडत शिडीनं खाली उतरला आन् मूठभर काळा चिखल घेऊन वर आला. 'मेहरुनबी, अल्लाची मर्जी' म्हनला."

"फरशी सरकवल्यावर लगेच उतरला?"

"दम न्हाई धरला. चप्पलबी काढली न्हाई."

"फरशी सरकवायला हरिपूरचे गडी होते?"

"न्हाई. शेठचेच गाडीवाले."

सयाजीनं मान हलवली. वकिलांना त्यात मान हलवण्यासारखं काही दिसलं नाही.

"येत्या जुम्म्याला नमाज झाली की जमात तोटा मंजूर करनार," बाई म्हणाली. "मग माझं कायबी ऱ्हात न्हाई. जरिनाला घिऊन दिराच्या घरात भाकऱ्या थापायच्या. दीर मानूस बरा हाय, पर जाऊ पोरीच्या तोंडातला घास बघती."

सयाजीनं टोपी घातली.

*

मोहिद्दीनशेठच्या सांगलीतल्या पेढीत अत्तराचा वास होता आणि शेठच्या हातात जपमाळ होती. हरिपूरच्या रानातली कितीतरी पेवं त्यांच्या ताब्यात असत. त्यांनी पाहुण्यांना सरबत दिलं. त्यात लिंबाचा नुसता उल्लेख होता.

"सब्र, निकमसाहेब," शेठ म्हणाले. "आजकालच्या लोकांना आज पेरून उद्या पीक पाहिजे. हलाल दौलत अशी येत नाही. माल वर्षानुवर्षं जमिनीत ठेवायचा आणि अल्लावर भरवसा ठेवायचा. नफा झाला तर त्याची मेहेरबानी, तोटा झाला तर त्याची परीक्षा."

"परीक्षेला बसली मेहरुनबी. तुमचं काय गेलं?"

"माझी मेहनत गेली!"

"कितीची?"

"मेहनतीची किंमत वर ठरते." शेठनी छताकडे बोट दाखवलं. तिथं नवा विजेचा पंखा फिरत होता.

"माल कुजला कशानं?"

"कृष्णेचं पाणी झिरपलं. बिचारीचं नशीब."

बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "माणूस देवभोळा वाटतो."

"देव भोळा असावा, असं त्याला वाटतं खरं," सयाजी म्हणाला.

पेढीचा कारकून नियाज मेहरुनबीच्या बहिणीचा मुलगा. तो गोदामामागं पोती शिवत होता आणि साऱ्या जगावर रुसल्यासारखा दिसत होता.

"मी खालाला शंभरदा सांगितलं, पैसे काढून घे," तो म्हणाला. "भाव चौपट झाला तरी शेठ 'थांबा, अजून थांबा' म्हणायचे. माझं ऐकतंय कोण?"

"पेव भरलं तेव्हा तू होतास?"

"मीच तर माप धरलं हुतं. उघडलं त्या आठवड्यात मातुर शेठनी मला तासगावला गूळ बघायला धाडलं. गूळ कसला बघायचा? हंगाम तर संपला हुता."

"बोलण्यात राग फार होता," वकिलांनी नंतर मत दिलं. "माझा संशय ह्या पोरावर. पेवाचं तोंड त्याला ठाऊक."

"बरोबर. त्याला ठाऊक होतं," सयाजी म्हणाला.

रानाचे मालक सुभेदार हंबीरराव विश्रामबागेत राहत. ते पलटणीतून पेन्शन, शेतातून भाडं आणि मिशांतून रुबाब घेत. आपल्या रानात पाऊल न टाकण्याचा त्यांना अभिमान होता.

"रान माझं, पेवं माझी, भाडं माझं," ते गरजले. "कुठलं पेव कुठं ते गडी बघत्यात. मी काय हुंदीर हाय बिळं मोजायला?"

"पेव उघडलं त्या दिवशी आपण?"

"औंधला. यमाईच्या दर्शनाला. शेठच म्हनले, सुभेदार, आमची मोटार मोकळी हाय, जाऊन या. लय सज्जन मानूस."

"तुमच्या रानात आणखी कुठलं पेव कुजलं?"

"माझंच की! तेवढं बघाया एकदाच रानात गेलो हुतो. फरशीला चीर गेली हुती, पावसाचं पानी शिरलं. उघडलं तर आत नुसता काळा राडा. तसंच उघडं पडलं हुतं. मग कुना रंगवाल्यानं इकत घेतलं म्हनं. एक गाडीवाला पैसे टाकून गेला."

"माल उचलला का?"

"कुनाला ठावं! पैसे आले न्हवं?"

सुभेदारांच्या कारभाराचं सार ह्या शेवटच्या वाक्यात आलं होतं.

*

हरिपूरच्या रानात एका उघड्या पेवाभोवती चार गडी बाभळीखाली निवांत बसले होते. वकिलांना श्रमाची किंमत होती, विशेषतः दुसऱ्यांच्या.

"रोज घेता आणि बसून राहता?"

"कंदील इझतोय, सायेब," त्यांतला ज्ञानू म्हणाला.

"दिवसाढवळ्या कंदील?"

"पेव बंद असलं की आतली हवा मरती. दोरीनं कंदील सोडायचा. जळत ऱ्हायला तर मानसानं उतरायचं. गेल्या साली एक गडी घाईनं उतरला. त्याला गळ घालून वर वढला, तवा निळा पडला हुता."

"निमित्तं," वकील सयाजीच्या कानात म्हणाले.

मेहरुनबीचं पेव थोडं पुढं होतं. तोंड उघडं, आत काळा राडा आणि नाक धरायला लावणारा वास. चंद्रकोरीची फरशी बाजूला पडली होती. सयाजीनं ती उलटी केली, खालच्या अंगावरून बोट फिरवलं आणि ते वकिलांच्या धोतराला पुसलं.

"अरे! हे काय?" धोतरावर पिवळा पट्टा उमटला होता.

"हळद आहे. शुभ असते."

वकील चिडून बाजूला गेले आणि उसाच्या पाचटाच्या एका ढिगावर टेकले. ढीग पातळ होता, खाली फरशी होती. उठले तेव्हा त्यांच्या मागच्या बाजूला काळी, चिकट, कुजकट वासाची रेघ आली होती. सयाजी त्या रेघेकडे सभ्यपणाला सोडून बराच वेळ बघत राहिला.

"वकील," तो म्हणाला, "आज तुम्ही फार मोलाचं काम केलंत. हे धोतर शुक्रवारपर्यंत धुवायचं नाही."

*

शुक्रवारी सकाळी सगळे रानात जमले. जमातीचे चार बुजुर्ग, मेहरुनबी, नियाज, मिशांसह सुभेदार आणि जपमाळेसह शेठ. सयाजीच्या सांगण्यावरून ज्ञानूच्या गड्यांनी तो पाचटाचा ढीग बाजूला केला.

"हे कुणाचं पेव?" शेठनी विचारलं. माळ थांबली होती.

"आत बघितल्याशिवाय कसं कळणार?" सयाजी म्हणाला. "ज्ञानू, सरकव फरशी. आणि शिडी लाव."

फरशी सरकली. खालून उबट वास आला.

"शेठ, उतरा."

"मी? मी का?"

"त्या दिवशी तुम्हीच उतरलात. चप्पलसुद्धा न काढता. तुमच्याइतकं काळीज आमच्यात कुणाचं आहे?"

शेठ एक पाऊल मागं सरले. "आधी कंदील तर सोडा!"

ते बोलून गेले. ज्ञानूनं न सांगता दोरीला कंदील बांधून खाली सोडला. ज्योत पेवाच्या मानेत पोचली, निळी झाली आणि विझली.

"त्या दिवशी कंदील कुठं होता, शेठ?" सयाजीनं विचारलं. "उभा जन्म हळदीत गेलेला माणूस, वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात तोंड उघडताच उतरतो, पोटभर रडतो आणि धडधाकट वर येतो. म्हणजे ते पेव बंद नव्हतंच आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. रडण्याच्या घाईत तुम्ही मरायला विसरलात."

"दुःखात माणसाला भान राहतं का?"

"आज राहिलं. वकील, जरा वळा."

वकील नाइलाजानं वळले. बी.ए., एल.एल.बी. झालेल्या माणसाला पुरावा म्हणून असं उभं राहावं लागेल, हे त्यांना कुठल्याच कॉलेजात सांगितलं नव्हतं.

"हा पुढचा पिवळा डाग चंद्रकोरीच्या फरशीचा. तिचं खालचं अंग कोरडं आणि हळदीनं माखलेलं. कुजक्या पेवावर वर्षानुवर्षं असलेली फरशी अशी राहील? हा मागचा काळा डाग इथल्या फरशीचा. ही कुजक्या पेवावरची. घाईत उलटी बसली, म्हणून घाण वर आली. सुभेदारसाहेब, ती चीर ओळखीची वाटते?"

सुभेदारांनी वाकून पाहिलं. "आयला! ही माझी फरशी!"

"कुजलेलं पेवही तुमचंच. रंगवाला कुणी नव्हताच, गाडीवाला शेठचा होता. गड्यांखेरीज हा घोळ ओळखणारी माणसं दोनच. नियाजला खरी जागा ठाऊक, तुम्हाला तुमचं कुजलेलं पेव. नियाजला नसलेला गूळ बघायला धाडलं, तुम्हाला देवीला. हरिपूरचे गडी जागा ओळखतील आणि वर कंदील मागतील, म्हणून त्यांना बोलावलंच नाही. बुजुर्ग कापडाचे आणि अत्तराचे व्यापारी, त्यांनी पेव कधी बघितलेलं नाही. चोरी अशी झालीच नाही. हळद जागच्या जागी आहे. फक्त फरशा हलल्या."

"पन कशासाठी?" सुभेदारांना भाड्याचं कळे, युक्तीचं कळत नसे.

"निम्म्या नफ्यात शेठचं भागेना. भागीचा नियम चांगला आहे. प्रामाणिक माणसाचा तोटा झाला तर त्याला कर्जात बुडवत नाही. शेठनी त्याच नियमाच्या आडोशाला घर बांधायचं ठरवलं. जमातीनं तोटा मंजूर केला की हे पेव बेवारस. सवडीनं उघडायचं, सगळं आपलं. वर पुन्हा सब्रवर प्रवचन द्यायला मोकळे."

सगळ्यांत वयस्कर बुजुर्ग पुढं आला. त्यानं शेठच्या हातातली माळ काढून घेतली.

"लबाडी करणाऱ्याला तो नियम लागू नाही," तो म्हणाला. "भागी मोडली. पेव मोकळं करण्याचा, पुन्हा भरण्याचा सगळा खर्च तुझ्या माथ्यावर. आणि नमाजानंतर हे सगळं तू उभा राहून सांगायचं. आपल्या तोंडानं."

शेठनी आभाळाकडे पाहिलं. तिथं पंखा नव्हता.

*

दुपारनंतर कंदील जळत राहिला. ज्ञानूनं आत उतरून पहिली टोपली वर दिली. हळद खणखणीत होती, मोडली की आत केशरी.

"सगळी काढायची का, खाला?" नियाजनं विचारलं.

मेहरुनबीनं एक कांडी हातात घेऊन बघितली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज बाजारातला होता.

"दोन सालाच्या खर्चापुरती काढ. बाकीची ऱ्हाऊ दे, भाव अजून चढतोय. भागी तुझ्यासंगं. वर माझ्या धन्याची फरशी घाल. आन् सायेब, तुमची फी?"

"नियाज विकेल तेव्हा, नफ्यातून द्या," सयाजी म्हणाला.

"आणि तोटा झाला तर?" वकील दचकून म्हणाले. परतीचं मोटारभाडं सयाजीकडूनच यायचं होतं.

"तर माझी मेहनत गेली."

वकिलांनी घसा साफ केला. "ते ठीक. पण बाई, ह्या धोतराचं काय? चांगलं मँचेस्टरचं होतं. भरून कोण देणार?"

मेहरुनबीनं पुढचा पिवळा डाग पाहिला, मग मागचा काळा पाहिला.

"धोतर तुमी भांडवलात घातलं, वकीलसायेब," ती म्हणाली. "तोटा भांडवलवाल्याचाच."