चंद्रावरची यादी कागदावर येईना

"आईचं नाव रुग्णांच्या यादीत आहे ना? मग ती यादी छापत का नाहीस?" वेणूनं टेबलावर मूठ आपटली.

समोर चंद्रवसाहतीचा यंत्रमानव उभा होता. त्याचं नाव विनम्र. "क्षमस्व, वेणूताई. ती यादी जुन्या मेनफ्रेममध्ये (हजारो लोकांची कामं एकट्यानं ओढणाऱ्या मोठ्या संगणकात) आहे. त्याची भाषा मला शिकवलेली नाही."

"क्षमस्व म्हणे!" वेणू फणकारली. पृथ्वीवर जाणारं रुग्णयान चार वाजता सुटणार होतं. पडद्यावरच्या याद्यांत मागे घोळ झाले होते, म्हणून यानाच्या कप्तानबाई फक्त मेनफ्रेमनं छापलेला कागद मानत. आईच्या हृदयावर इथं इलाज नव्हता. आणि तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात तिचे आजोबा धुमसतच आत आले. ते मेनफ्रेम यंत्र त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. "दहा वर्षं घसा कोरडा केला मी, पोरांना हे शिकवा म्हणून! पण वसाहतीच्या साहेबांना बोलकी यंत्रं हवीत. बस इथं. माझे हात थरथरतात, तू टंक."

"त्याला नुसतं 'छाप' म्हणू?"

"त्याला लेखी हुकूम लागतो. जॉब कंट्रोल (कामाची हुकूमपत्रिका). प्रत्येक हुकुमाआधी दोन तिरक्या रेघा मार. आधी कामाचं नाव लिही. मग कोणता प्रोग्राम चालवायचा ते. आपल्याला नक्कल काढणारा हवा. मग कुठून घ्यायचं: रुग्णांचा डेटासेट (एका नावाखाली ठेवलेल्या नोंदी). मग कुठं द्यायचं: छपाईयंत्राकडे."

"नक्कल काढताना काही बदलायचं?"

"काहीही नाही. पण तेही त्याला सांगावं लागतं. बदलाच्या सूचना रिकाम्या, असं लिही. आणि काम कसं झालं हे कुठं कळवायचं, त्याची एक ओळ."

वेणूनं ओळी टंकून धाडल्या. छपाईयंत्र हललंसुद्धा नाही.

"ठोंब्या!" ती यंत्रावर ओरडली.

आजोबांनी पडदा पाहिला आणि तेच भडकले. "डावीकडे एवढी जागा कशाला सोडलीस?"

"तो समास आहे! समास सोडल्याशिवाय लिहिलं की बाई वही फेकतात."

"शाळेत सोड! इथं प्रत्येक हुकुमाच्या पहिल्याच दोन घरांत (अक्षरांच्या जागांत) त्या दोन तिरक्या रेघा लागतात. त्या पुढं सरकल्या की याला तो हुकूम वाटतच नाही, नुसता मजकूर वाटतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? आईला तिकडं यानापाशी धाप लागलीय!"

"चुकलंच माझं," आजोबा म्हणाले. "हे सांगावं लागतं, हेच मी विसरलो होतो."

वेणूनं दात आवळून एकेक ओळ डावीकडे ओढली आणि पुन्हा धाडली. छपाईयंत्र अजूनही हललं नाही.

"थांब," आजोबा म्हणाले. "आधी स्पूलमध्ये (छपाईची पाळी येईपर्यंत मजकूर थांबतो त्या जागी) जातंय."

मग छपाईयंत्र खडखडलं. कागद सरकत आला. अकराव्या ओळीत आईचं नाव होतं.

"आत यादी पुसली तर नाही ना गेली?"

"नाही. नक्कल बाहेर आली, मूळ जागच्या जागी आहे."

कागद फाडून वेणू धावत सुटली. कप्तानबाईंनी अकराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "स्ट्रेचर आत घ्या."

स्ट्रेचर आत गेलं तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. ठीक चारला यान उडालं. मागून आलेला विनम्र म्हणाला, "अभिनंदन, वेणूताई."

"अभिनंदन ठेव तुझ्यापाशी," तिनं डोळे पुसले. "उद्या सकाळी आजोबांकडे शिकायला यंत्रापाशी ये. माझा अख्खा वर्गही येणार आहे. परत कुणाची आई अशी ताटकळली, तर याद राख!"