लोर्नाच्या फिल्मपट्ट्या

दुलूथ शहरातल्या चढावरच्या त्या लहानशा फोटोच्या दुकानात एमेट शिरला तोच बर्फाने माखून. छातीशी बुटांचं खोकं घट्ट धरलेलं.

"यात जुन्या फिल्म आहेत. कॉम्प्युटरवर येतील ना?"

"येतील की! पण आधी बूट झटका, नाहीतर इथे तळं होईल," दुकान चालवणारी सिग्ने म्हणाली.

तो ओशाळून हसला... आणि तिची नजर उगीचच त्याच्या पापण्यांवरच्या बर्फावर रेंगाळली.

फोटो त्याच्या बायकोने काढलेले. लोर्नाला जाऊन दोन हिवाळे उलटले होते. सिग्नेने पहिली पट्टी उजेडाच्या काचेवर धरली. आरशात स्वतःला टिपणारी लोर्ना — निगेटिव्हमध्ये तिचे काळेभोर केस पांढरेशुभ्र दिसत होते.

"म्हातारपणी अशी दिसली असती..." एमेट पुटपुटला.

सिग्नेने हातमोजा काढला आणि त्याच्या हातावर हळूच हात ठेवला.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी गरम सूप, कधी दालचिनीचे पाव घेऊन. ती पट्टीवरची धूळ उडवायची, मशीनमध्ये सरकवायची. एकेक फोटो पडद्यावर उमटायचा.

"कॅमेऱ्यासमोर तुझे एवढे नखरे?" सिग्नेने एकदा चिडवलं.

"ती हसवायची. तू हसवतेस तशी."

"मी? मी तर नुसती ओरडते तुझ्यावर!"

"त्याचंच तर हसू येतं."

सिग्नेला आता शनिवारखेरीज दुसरा वार सुचेनासा झाला.

शेवटची पट्टी मशीनमध्ये गेली त्या दुपारी त्याने तिचा हात धरला. "काम संपलं तरी मी येत राहिलो तर? सिग्ने, मला... तू आवडतेस."

हेच ऐकायला ती किती आसुसली होती! पण तेवढ्यात पडद्यावर एमेट उमटला — होडीत बसलेला, चिंब भिजलेला, कॅमेऱ्यामागच्या बाईवरून नजर न हलवणारा.

"माझ्याकडे असं बघशील?" तिने विचारलं.

तो बघत राहिला. मनापासून धडपडतोय, हे तिला दिसत होतं. मग त्याने नजर खाली वळवली.

"खोटं नाही बोलवत... नाही जमत गं."

"मग नको येऊस." तिने मशीन बंद केलं. "उरल्यासुरल्या जागेत नाही राहायची मी, एमेट."

त्याने खोकं उचललं. दाराशी पोचल्यावर क्षणभर घुटमळला. सिग्नेने हाक मारली नाही. मारली असती तर तो थांबला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.