रणांगणावरचा पाचवा आवाज

पडद्यावरच्या लोकांना आवाज देणं हा माझा धंदा. त्यामुळे 'हिचं काय खरं मानायचं' असं कुणी म्हणालं तर माझा राग नाही. पण त्या दुपारी आम्ही सहा जण तिथे होतो. सहाही जणांनी ते ऐकलं.

मंगळवार होता. तीन वाजले असतील. तळघरातला रेकॉर्डिंग स्टुडिओ. एकच जाड दार, खिडकी नाही.

सिनेमा हिंदी. आपल्या त्या जुन्या महाकाव्यातल्या, भावाभावांच्या युद्धावरचा. युद्ध संपलंय आणि बायका रणांगणावर आपापली माणसं शोधतायत, असा प्रसंग. त्या बायकांसाठी आम्हाला रडायचं होतं. शब्द नाहीत, नुसता आक्रोश.

आम्ही चौघी होतो. मी, माझी सख्खी मावशी आणि आमच्या दोन मैत्रिणी. मावशीनेच मला या कामात आणलं. रडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. सगळे त्याला कानसेन म्हणतात. त्याच्या शेजारी सिनेमाचा सहायक दिग्दर्शक, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

पहिला टेक झाला. कानसेनच्या कपाळाला आठ्या.

"मधे कोण बोललं?"

कोणीच नाही.

"शब्द नकोत म्हणालो होतो ना? आणि तेही मराठीत!"

त्याने ऐकवलं. आमचा आक्रोश... आणि त्याच्या खाली, अगदी दमलेला, एका बाईचा आवाज.

"हा नाही..."

थोड्या वेळाने पुन्हा.

"हा पण नाही..."

खरं सांगते, मला मावशीचाच संशय आला. वय झालंय, भान सुटलं असेल. तिला माझा आला होता. नंतर कबूल केलं तिने.

कानसेनने एकेकीला वेगळं उभं करून रेकॉर्ड केलं. चारही आवाज स्वच्छ.

मग तो चिडला. "सगळ्या बाहेर या. रिकामी खोली रेकॉर्ड करतो. बघू कोण बोलतं ते."

आम्ही त्याच्या खोलीत आलो. दार मी स्वतः लावलं. काचेपलीकडे फक्त माइक, आणि पडद्यावर तेच दृश्य.

एका बाईने प्रेताचा चेहरा वळवला.

"हा नाही..."

दुसरं प्रेत.

"हा नाही..."

एका मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला.

मग तो शॉट आला. चिखलात कुशीवर पडलेला तरुण सैनिक. चिलखत मापापेक्षा मोठं.

आवाज आला नाही.

आम्ही वाट पाहिली...

मग श्वास. माइकच्या अगदी जवळ.

"सापडलास रे राजा... ऊठ. किती गार पडलायस."

कानसेनने बंद केलं.

मावशी म्हणाली, "आवाज बंदच ठेव. नुसता तो शॉट परत दाखव."

त्याने दाखवला. शेजारी पडलेल्या मेलेल्या सैनिकांची पोटं बारीक हलत होती. जिवंत माणसं ती, कितीही दम धरला तरी हलणारच.

याचं हललं नाही. पूर्ण शॉटभर.

मावशी सहायकाकडे वळली. "हा मुलगा कोण?"

"गर्दीतला आहे. एक्स्ट्रा."

"आता कुठे असतो?"

"गेला गावाला."

"नाव काय त्याचं?"

"दोनशे जण होते हो. कुणाकुणाची नावं लक्षात ठेवायची?"

"नाव लक्षात नाही, पण गावाला गेला ते बरं लक्षात राहिलं!"

तो आवाज आलेल्या दोन्ही टेकच्या फाइली त्याने कानसेनला आमच्यासमोर पुसायला लावल्या.

सिनेमा लागला तेव्हा मी आणि मावशी दुपारच्या खेळाला गेलो. आमचं रडणं होतं. चौघींचंच.

तो सैनिक नव्हता. तेवढाच शॉट उडवला होता.

मला राहवेना. बाहेर आल्या आल्या मी सहायकाला फोन लावला. मावशी पाण्याची बाटली घ्यायला रस्त्यापलीकडे गेली होती.

"तो शॉट का काढलात?"

तो अगदी हळू म्हणाला, "तिला सांगा ना. त्याला कुठे नेलं, ते मला खरंच माहीत नाही."

"कुणाला सांगू?"

"तुमच्या शेजारी रडतेय ना, तिला."

माझ्या शेजारी कोणीच नव्हतं.

फोन कट झाला. तो नंबर त्यानंतर लागलाच नाही. आम्ही पोलिसांकडेही जाऊन आलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण मुलाचं नाव नाही, फाइल नाही, शॉट नाही. लिहून तरी काय घेणार?

मी अजून आवाजाची कामं करते. फोनवर बोलायचं असलं, की आधी पाठ भिंतीला लावते आणि मगच हॅलो म्हणते.