मानवेल तो किनारा

तर्री-पोह्यांची बशी प्रफुलने पुढे ओढली आणि त्याच्या मनगटावरची पट्टी लाल झाली.

"पाहून घे," पल्लवी म्हणाली. "तिले समजते, तुले नाही समजत."

"तर्रीसाठी नाही झाली ती लाल. चंद्रपूरसाठी झाली," असं म्हणून प्रफुलने पहिला घास घेतलाच.

आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ही मानवणपट्टी बोटभर रुंदीची, कातडीला चिकटून बसणारी. घाम, नाडी, श्वास, झोप, सगळं चाखून ती एकच गोष्ट सांगायची : ही जागा या देहाला मानवते का? पूर्वी एखाद्या गावची हवा मानवली की नाही हे कळायला माणसाला महिना-दोन महिने लागायचे. पट्टीला तीन रात्री पुरत. हिरवी झाली तर मानवलं, पिवळी झाली तर देह चालवून घेतोय, आणि लाल झाली तर बाबा, आपलं बिऱ्हाड उचल.

सकाळचे सात वाजले होते आणि मत्ते दांपत्याच्या घरातल्या खिडक्या होळीपासून बंद होत्या. बाहेरचा कडुलिंब गेल्या वर्षी उभ्या-उभ्या वाळला, तेव्हा पल्लवी दोन दिवस जेवली नव्हती. प्रफुलचा सारा जन्म कोळशाच्या खाणीत विजेची यंत्रं सांभाळण्यात गेला. "आपण खणलेलं ऊनच आता अंगावर येऊन राहिलं," असं तो हसून म्हणायचा, पण त्याच्या हृदयाला हसू येत नव्हतं. दोनदा दुरुस्त झालेलं ते हृदय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की पुढचा उन्हाळा इथे काढायचा नाही.

अशा माणसांसाठी उष्मा-स्थलांतराची योजना होती. दोन किनारे पुढ्यात ठेवलेले : उत्तरेला डहाणूकडचा, दक्षिणेला मालवणकडचा. दोन्हीकडे तीन-तीन रात्री राहून पाहायचं, मग योजनेच्या तळहाताएवढ्या पडद्यावर नवराबायको दोघांचे अंगठे उमटले की निवड कायमची. पुन्हा बदल नाही. पट्टी दोघांनीही लावायची असा नियम होता. पल्लवीने लावली आणि विसरून गेली. नवऱ्याची पट्टी तासातासाला बघणाऱ्या बाईला स्वतःची बघायला सवड कुठली!

आधी ते डहाणूकडे गेले.

तिथला शिंपबांध पाहिला आणि प्रफुल अक्षरशः लहान मूल झाला. समुद्रात दूरवर गेलेली, राखी रंगाची, खडबडीत भिंत. पण ती कुणी बांधली नव्हती. ती वाढत होती. तन्वी चुरी नावाची तिथली तरुण जीवशास्त्रज्ञ त्यांना बांधावर घेऊन गेली.

"या आमच्या कालवांच्या पैदाशी," ती म्हणाली. "साधं कालव आपल्यापुरतं शिंपलं करतं. ही कालवं शेजाऱ्याच्या शिंपल्याला चुना देतात आणि पाण्याच्या पातळीबरोबर वर सरकतात. समुद्र चढला की भिंत चढते."

"म्हणजे दुरुस्ती नाही, सिमेंट नाही?"

"काका, भरतीचं पाणी हेच तिचं जेवण!"

प्रफुलने वाकून त्या भिंतीवर तळवा ठेवला. आयुष्यभर त्याने यंत्रं पाहिली होती आणि प्रत्येक यंत्राला गंज चढताना पाहिलं होतं. वयाबरोबर बळकट होणारी वस्तू तो पहिल्यांदाच पाहत होता. "वा रे पोरी," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

बांधाच्या आडोशाला चिकूच्या बागा, गार वाऱ्याची टुमदार घरं, हाकेच्या अंतरावर दवाखाना. तिसऱ्या सकाळी त्याची पट्टी कोवळ्या पोपटी रंगाची झाली. पल्लवीने देवाला हात जोडले. निघताना मात्र तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "आणि ही कालवं कधी आजारी पडली तर?"

तन्वी खोटं बोलणारी नव्हती. "आम्ही डोळ्यांत तेल घालून जपतो त्यांना. पण बांधच गेला तर काय, याचा विचार इथं कुणी करत नाही हो काकू. भिंत आहे ना, मग कशाला करायचा?"

"खरंच आहे," पल्लवी म्हणाली. तिच्या मनात निवड तेव्हाच झाली होती. मालवणची वारी आता फक्त नियमासाठी.

तिकडे माडवणे नावाच्या छोट्या गावात त्यांची राहायची सोय करणाऱ्या रेश्मा पालवने फोनवर सांगितलं होतं, "त्या दिसांत आमी गावात नसतलंव, पण तुमी येवा." पल्लवीने त्याचा अर्थ लावला की घरची मंडळी कुठे फिरायला जाणार, किल्ली शेजारी ठेवतील. झालं! गाडीतून उतरून पाहतात तर सगळं गावच रस्त्यावर. ढोल वाजतोय, गाईगुरं चालली आहेत, डालग्यात कोंबड्या कलकलताहेत, एका बाईच्या कडेवर मांजर. आणि मागे घरांची दारं बंद.

"अगोबाई, पूर आला का?" पल्लवी किंचाळलीच.

"पूर कसलो? गावपळण आसा!" गर्दीतून पुढे येत रेश्मा म्हणाली. चाळिशीची, काटक बाई. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात भरतीमापक यंत्राची पेटी. "ताई, मिया सांगितलंय ना, आमी गावात नसतलंव. चला, आता तुमी पण गावचेच."

मालवणकडच्या काही गावांत ही चाल फार जुनी. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घ्यायचा आणि अख्खं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. पल्लवीने हे कुठेतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि हृदयाचा रोगी नवरा घेऊन सड्याची, म्हणजे गावामागच्या खडकाळ पठाराची, चढण चढणं वेगळं.

अर्ध्या चढणीवर प्रफुलची पट्टी लाल झाली. पल्लवीचा जीव कासावीस झाला. "मी मूर्ख! डहाणूलेच अंगठा देऊन टाकायला पाहिजे होता," ती रडकुंडीला आली. पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत चार जणांनी खाटेची डोली केली होती आणि प्रफुल राजासारखा वर चालला होता. "बाप्पा, लग्नात घोडा नाही भेटला, आता पालखी भेटून राहिली," असं तो खाटेवरून म्हणाला तेव्हा सगळा सडा हसला. वर पोचेपर्यंत लाल ओसरून पट्टी पिवळी झाली, आणि पिवळीच राहिली.

सड्यावर माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या. संध्याकाळी रेश्मा त्यांना कड्यापाशी घेऊन गेली. खाली माडांमध्ये रिकामं गाव, आणि त्याच्याही खाली समुद्राच्या पाण्यात उभी असलेली काही घरांची जोती.

"ती आमची खालची वाडी," ती म्हणाली. "दर्यो वर येवक लागलो तेव्हा सरकारान भिंतीबद्दल इचारल्यान. माझे सासरे म्हणाले, भिंत नको. आमका जावची सवय आसा, ती वापरूया."

मग गावाने ठरवलं. दर गावपळणीनंतर सगळे परततात. फक्त समुद्राला सगळ्यांत जवळची जी घरं असतील, ती खाली परतत नाहीत. त्यांच्यासाठी रेश्मा आणि तिच्या सोबत्यांनी सुटे चिरे घडवले : जांभ्याच्या भुकटीचे, एकमेकांत खाचांनी अडकणारे, चुना-सिमेंटाशिवाय उभे राहणारे. अख्खं गाव रांगेत उभं राहतं, चिरा हातोहात वर जातो, आणि दिवस मावळायच्या आत घर वर उभं राहतं. वेशीचा दगडही तितकाच वर सरकतो.

"म्हणजे तुमचं गाव चालते!" प्रफुल थक्क होऊन म्हणाला.

"सावकाश चालता. पोरांका वाटता, गाव असोच असता."

चंद्रपूरच्या घराला कुलूप लावायच्या नुसत्या विचाराने पल्लवी वर्षभर आतून फाटत होती. आणि ही माणसं घर सोडताना ढोल वाजवत होती! ज्याने कुणी हे पहिल्यांदा सुरू केलं, त्याला समुद्र चढणार हे थोडंच ठाऊक होतं? पण सोडायचा सराव त्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगात मुरवून ठेवला होता. तिला त्या अनोळखी पूर्वजाच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

तिसऱ्या सकाळी पल्लवीला जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं. शेजारची घोंगडी रिकामी. ती धडपडत बाहेर धावली.

प्रफुल दगडावर बसून चहा पीत होता. पट्टी पिवळी.

"मी झोपलेच कशी? तुझ्याजवळ कोण होतं?"

"आमी होतंव," चुलीपाशी बसलेली रेश्मा म्हणाली. "बायलांनी राखणेची पाळी लावल्यानी. तुमका उठवचा नाय असा ठरला. लय दिसांची झोप साठलेली दिसता तुमची." आणि ती शहाणी बाई पातेलं घेऊन दुसरीकडे निघून गेली.

प्रफुलने पल्लवीचा हात धरून तिच्याच डोळ्यांसमोर आणला. तिची पट्टी हिरवीगार होती.

"डहाणूले ही पिवळी होती," तो म्हणाला. "घरी तर लालच. तू माझी पाहत होती, मी तुझी पाहत होतो. इथंच राहू."

"काऊन? तुझी पिवळी आहे ना! तिकडे हिरवी होती!"

"हो. तिकडे मी जास्त जगीन. चार वर्षं, पाच वर्षं, काय माहीत. आणि त्या भिंतीआड तू रोज रात्री माझा श्वास मोजत बसशील. मग एक दिवस मी नसलो की..."

"गप बस!"

"बोलू दे, बाप्पा. तू एकटी राहशील, अन् तुले तर वाळलेलं झाडही सोडता येत नाही. इथल्या लोकांले सोडता येते. सोबत राहून सोडता येते. ते तू शिकावं, असं मले वाटते."

"माझ्या झोपेसाठी तू तुझी वर्षं देशील? कोणी सांगितला हा सौदा?" पल्लवी ओरडली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. इतके दिवस तिला वाटत होतं की पट्टी एका देहाची गोष्ट सांगते. एकाच घरात राहणाऱ्या दोन देहांना दोन किनारे मानवले, तर कुठल्या रंगाकडे पाहून जायचं, हे पट्टी करणाऱ्यांनी कुठे सांगितलं होतं?

तेवढ्यात खाली वेशीपाशी ढोल घुमला. देवाने परत यायचा कौल दिला होता. सड्यावर एकच गलका उठला, गुरांची दावी सुटली.

रेश्मा परत आली, हात पुसत. "मगे? काय ठरला? राहतलास तर घर खंय बांधूया? खाली, काय वर?"

"खाली," प्रफुल म्हणाला. "दर्याजवळ. पुढच्या पळणीत वर आणू."

त्याने खिशातून योजनेचा तो छोटा पडदा काढला. मालवणच्या चौकटीत त्याचा अंगठा पहाटेच उमटला होता. शेजारची चौकट रिकामी होती. पल्लवीने डोळे पुसले, खालच्या त्या चालणाऱ्या गावाकडे पाहिलं.

"पुढची गावपळण कधी गं, रेश्मा?"

"तीन वर्सांनी."

"ओझं मी उचलणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो," प्रफुल म्हणाला.

पल्लवी हसली. अंगठा तिने पडद्याच्या अगदी जवळ नेला, तिथेच थांबवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"नको उचलू. पण येशील ना?"