पूर्वेकडून नको

तापीपूरच्या नव्या विमानतळाच्या मनोऱ्यात माणूस नव्हतं. विमानं उतरवायचं काम स्वयंमनोरा नावाचा संगणक करी. त्याला ते शिकवलं होतं इंदुमती खरोटे यांनी, तेही त्यांच्या नकळत. नगरपालिकेच्या जुन्या धावपट्टीवर त्यांनी उभी हयात विमानं उतरवली होती. ती पट्टी उखडून तिथे घरं उठली, तेव्हा बाईंना कितीतरी दिवस घास गोड लागला नव्हता.

आज मुख्य अभियंता फिरोज तडवी यांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"बाई, दुपारी हा विमानांना पूर्वेकडून येऊच देत नाही. वळसा घालून पश्चिमेकडून आणतो. पट्टी रिकामी, वारा शांत, तरीही! निर्णयठसा पुसून टाका, असा वरून हुकूम आलाय."

"ठसा म्हणजे?"

"तुमच्या मनोऱ्याच्या कॅमेऱ्यांना काय दिसत होतं आणि त्या वेळी तुम्ही वैमानिकाला काय सांगितलंत, याची त्याने सांगड घातली. कारणं त्याला कळत नाहीत. पण तसंच दृश्य समोर आलं, की तुम्ही केलं असतं तेच करतो."

इंदुमतीबाईंना हसू आलं. जुन्या पट्टीच्या पूर्व टोकाला मजूर बायका बाभळींना झोळ्या बांधून लेकरं निजवत. विमान डोक्यावरून गेलं की ती दचकून उठत. म्हणून वारा शांत असला, की बाई विमान पलीकडून घेत. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता त्यांनी सांगितलं. फिरोज हळुवारपणे म्हणाले, "पण इथे कोसभर वस्ती नाही, बाई. जुनी सवय राहिली असेल त्याला."

"मग पुसा," त्या म्हणाल्या आणि एकदम थबकल्या. "पण तसं दृश्य दिसल्याशिवाय तो करेल कसा? तुम्हीच तर म्हणालात!"

फिरोजनी बाईंना घेऊन जीप काढली.

पूर्वेच्या कुंपणापलीकडे गोदामाचं काम नुकतंच सुरू झालं होतं. कडुनिंबाच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या होत्या. दूर आकाशात एक विमान सावकाश वळलं आणि पश्चिमेकडे गेलं.

"हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं!" फिरोज उद्गारले.

"शू! हळू बोला ना भाऊ," डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

फिरोजनी खिशातून फोन काढला आणि तोंडावर हात धरून कुजबुजले, "ठसा पुसू नका."