चौथा बूट

रोवेनाला तिपेनेचा आवाज आधी भेटला, माणूस नंतर.

ओमारू गावच्या वाहन तपासणी केंद्रात गाडी खड्ड्यावर उभी करतात. तपासनीस खाली उतरतो आणि गाडी आणणाऱ्याने वर, जागेवरच बसून राहायचं असतं. बाहेर दक्षिणेकडून आलेला गार पाऊस पत्र्यावर आडवा वाजत होता. वडिलांच्या चाळीस वर्षं जुन्या, दोनच माणसांच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये रोवेना बसली होती, आणि तिच्या पायांखालून कुणीतरी शांतपणे सांगत होतं, "ब्रेक दाबा… सोडा… आता मी सांगेपर्यंत काहीही करू नका."

"किती वेळ?"

"बघण्यासारखं बरंच आहे."

बत्तीस वर्षांच्या आयुष्यात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. निदान गाडीखालून तरी नाही.

मग तो वर आला. उंच, कानांवर लोकरीची टोपी, आणि बोटावर काळ्या ग्रीसचा थेंब… एखादा दागिना दाखवावा तसा पुढे धरलेला. हे सांध्याच्या आत असायला हवं, तो म्हणाला, पण ते चाकाच्या आतल्या बाजूला सापडलं. मागच्या दोन्ही चाकांना फिरवणारे दोन दांडे असतात. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधा, आणि प्रत्येक सांध्यावर ग्रीस आत राखणारा घड्यांचा रबरी बूट. असे चार. त्यातले तीन फाटलेले, आणि चौथा फाटायच्या विचारात.

"आणि सांध्याच्या आत काय असतं?" रोवेनाने विचारलं.

गाडी नापास झाल्यावर लोक सहसा वेगळे प्रश्न विचारतात. तिपेनेने टोपी मागे सरकवली. कान लाल होते.

"सहा गोळ्या," तो म्हणाला. "पोलादाच्या. त्या कितीही तिरक्या झाल्या तरी फिरणं थांबत नाही."

"बघता येतील?"

"बूट काढल्याशिवाय नाही."

नापास झाल्याचा कागद तिच्या हातात आला. अठ्ठावीस दिवसांत दुरुस्त करून आणायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. रोवेनाला अठ्ठावीस दिवस नेमके पुरणारे होते. ती वेलिंग्टनहून महिन्याच्या रजेवर आली होती. वडील गुडघ्यांना कंटाळून आपल्या बहिणीकडे नेल्सनला राहायला गेले होते, आणि क्राइस्टचर्चचे एक दातांचे डॉक्टर ही गाडी विकत घ्यायला नऊ वर्षं थांबले होते. तपासणीचा दाखला मिळाला की गाडी उत्तरेला डॉक्टरांकडे, आणि त्याच्याही उत्तरेला रोवेना. परतण्याचं दुसरं काही कारण गावात उरणार नव्हतं.

आमच्या गावात गाडी मेकॅनिककडे देणं म्हणजे घटस्फोट वर्तमानपत्रात छापण्यासारखं आहे. ज्याच्याकडे शेड आहे, त्याने शेडमध्येच निस्तरायचं. रोवेनाने चार बूट मागवले, वडिलांची शेड उघडली, आणि भिंतीवर त्यांच्या अक्षरातली पाटी वाचली: ऑगस्ट ते फेब्रुवारी हातोडा बंद.

कारण फळ्यांच्या जमिनीखाली निळ्या पेंग्विनचं जोडपं दरवर्षी अंडी घालतं. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. रोवेनाच्या वडिलांना तसं कधीच नव्हतं.

पहिल्या शनिवारी दारात तिपेने उभा. गाडी लोखंडी टेकूंवर नीट चढवली आहे ना, एवढंच बघायला आलो, असं म्हणाला. बघून झालं. गेला नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

रोवेनाने चाक काढलं, दुसरं काढलं, ग्रीसने कोपरापर्यंत माखली. हात खिशातच.

"थंडी वाजतेय का?" तिने विचारलं.

"हात लावला तर या गाडीची फेरतपासणी मला करता येणार नाही. केंद्राचा नियम आहे."

"मग जाता का?"

"बघण्याला नियमात मनाई नाही."

ती गाडीखाली परत सरकली… आणि जरा जास्त वेळ तिथेच राहिली. खाली बघण्यासारखं बरंच होतं, हे तिला पटू लागलं होतं.

तो बघत होता आणि ती विचारत होती. ग्रीस काळं का पडतं? वळणावर टकटक कुठून येते? लोक दुरुस्तीला इतका उशीर का करतात? शेवटच्या प्रश्नावर तो म्हणाला, फाटलेला बूट लगेच त्रास देत नाही. माणूस म्हणतो, चालतंय ना. मग एक दिवस वाळू आत जाते. तिने विचारलं, हे गाड्यांबद्दलच का? तो म्हणाला, मला गाड्यांबद्दलच माहिती आहे.

मग त्याने विचारलं, ती काय काम करते. रोवेना शाळांच्या प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधते. तिपेने पहिल्यांदा हसला. म्हणजे दोघांचं पोट चुकांवरच. तो खालून शोधतो, ती वरून.

दुसऱ्या शनिवारी दांड्याच्या सहा बोल्टांपैकी पाच सुटले. सहावा हलेना. रोवेनाने पान्याला लांब पाइप लावला, लोंबकळली, शिव्या दिल्या, पेंग्विनची माफी मागितली. बोल्टाचं डोकं आता झिजू लागलं होतं. आणखी दोन चुकीचे हिसके, आणि सगळा दांडाच कापावा लागला असता.

तिपेनेने हात खिशातून काढले.

"थांबा," रोवेना म्हणाली. "मग तपासणी?"

"केंद्रातली नोलीन करेल."

"पण… मग मी गाडी घेऊन येईन तेव्हा तुम्ही खड्ड्यात नसणार."

"नाही." त्याने पाना तिच्या हातातून सोडवून घेतला. बोटं थंड होती, आणि पाना घेऊन झाल्यावरही ती क्षणभर तिथेच होती. "म्हणून तर दोन शनिवार विचार करत होतो."

बोल्ट सुटला. त्यानंतर केव्हातरी, नेमकं केव्हा ते दोघांनाही सांगता येणार नाही, 'तुम्ही'सुद्धा सुटलं.

तिसऱ्या शनिवारी डावा दांडा झाला. सांधा दांड्यावरून काढायला हातोड्याचे चार ठोके पुरतात, पण जमिनीखाली अंडी होती. मग सांधा ओढून काढणारा पुलर लावून पाव-पाव वळसा द्यायचा, थांबायचं, ऐकायचं. खालून पेंग्विन कुरकुरला की दोघं श्वास रोखून एकमेकांकडे बघायची. चार ठोक्यांचं काम असं दुपारभर पुरलं. सांधा निघाला तेव्हा तिने सहा गोळ्या तळहातावर घेतल्या. गुळगुळीत, जड, गाडीच्या मानाने अगदीच लहान.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

"एवढ्यावरच सगळं फिरतं," तो म्हणाला.

चौथा शनिवार. उजवा दांडा, शेवटचे दोन बूट. या कामात एकच मोठी चूक असते, आणि ती कशी टाळायची हे तिपेनेने तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सांधा बसवण्याआधी बूट दांड्यावर ओवायचा. नाहीतर सांधा बसतो, ग्रीस भरलं जातं, सगळे बोल्ट आवळले जातात, आणि बूट बाकावर बसून आपल्याकडे बघत राहतो. मग सगळं परत उघडा.

तिसरा बूट ओवला, त्याचा सांधा बसला. बाकावर चीज रोलची ताटली होती, रोवेनानेच केलेले, लोणी जरा जास्त. ताटलीशेजारी चौथा बूट. तिपेने शेवटचा सांधा हातात घेऊन गोळ्यांच्या फटीत ग्रीस भरत होता, आणि बाहेर पाऊस बारीक झाला होता. मंगळवारी तपासणी. बुधवारी डॉक्टर. गुरुवारी विमान.

त्याने सांधा दांड्यावर चढवला.

रोवेनाने ताटलीकडे पाहिलं. ताटलीशेजारी पाहिलं. सात वर्षं तिने एकही चूक छपाईला जाऊ दिली नव्हती. तिने सांगायला तोंड उघडलं… आणि चीज रोल खाल्ला.

तिपेनेही हात पुसून ताटलीपाशी आला, एक रोल घेतला, बराच वेळ चावला, आणि जाऊन बोल्ट आवळू लागला.

"झालं," शेवटी तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

दोघांच्याही आवाजात काम संपल्याचा आनंद फार नव्हता.

मंगळवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी, गाडी खड्ड्यावर होती. नोलीन खाली उतरली. एकसष्ट वर्षांची, गुडघे तक्रारखोर, आणि तिच्या नजरेतून गंज सुटत नाही तिथे माणसं काय सुटणार. तिपेने भिंतीला टेकून उभा होता. हात पुन्हा खिशात. गाडीत बसलेल्या रोवेनाने पावसाळी कोट घातला होता आणि तिचाही एक हात खिशात होता.

खालून टॉर्चचा उजेड फिरला. थांबला. मागे गेला.

"तिपेने," जमिनीखालून आवाज आला, "या सांध्यावर बूट नाही."

"नाही," तिपेने म्हणाला.

"ढिला बसलाय असं म्हणत नाही मी. मुळातच नाही."

"हो."

"अकरा वर्षं झाली तुला इथे. विसरलास?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. रोवेनाने काच खाली केली. तपासणी चालू असताना गाडीतून उतरायचं नसतं, पण ऐकायला मनाई नव्हती.

"विसरलो नाही," तिपेने गाडीकडे न बघता म्हणाला. "बाकावर दिसला होता. सांधा हातातच होता. पण तो बूट घातला असता तर ही गाडी आज पास झाली असती, आणि… ती गुरुवारी जाणार आहे. तू पकडशील हे माहीत होतं, नोलीन. तुझ्या हातून अशी गाडी सुटली नसती. फक्त माझ्या हातच्या दुरुस्तीने ती पास व्हायला नको होती."

एका दमात एवढं बोलल्यावर त्याचे लाल कान टोपीतूनही दिसत होते.

रोवेनाने खिशातला हात बाहेर काढला. काळा, नवा कोरा, घड्यांचा बूट तिने खिडकीच्या कडेवर ठेवला.

"मलाही दिसला होता," ती म्हणाली. "तुझ्याआधी."

"माझ्याआधी नाही."

"तू ग्रीस भरत होतास तेव्हा."

"मी ग्रीस भरायला घेण्याआधी."

"अरे, मला वर येऊ द्या," नोलीन खालून म्हणाली. तिला वर यायला सात पायऱ्या लागल्या आणि प्रत्येक पायरीवर तिने दोघांचा उद्धार केला. एवढंसं सांगायला माझ्या गुडघ्यांना खड्ड्यात उतरवलंत. सरळ बोलता आलं नसतं? आमच्या गावात सरळ बोलत नाहीत हे तिलाही माहीत होतं. तिने स्वतःच्या नवऱ्याला होकार त्याच्या गवत कापायच्या मशीनचं पातं धार लावून परत करून दिला होता.

तिने नवा कागद घेतला, नापास लिहिलं आणि रोवेनाच्या हातात ठेवला. अठ्ठावीस दिवस, पुन्हा पहिल्यापासून.

"दातांच्या डॉक्टरांना काय सांगू?" रोवेनाने विचारलं.

"नऊ वर्षं थांबलाय," तिपेने म्हणाला. "सवय आहे त्याला."

"आणि माझ्या प्रश्नपत्रिका?"

तो नुसता बघत राहिला, आणि हे बघणं नियमात बसणारं नव्हतं.

"पोस्टाने येतात म्हणा," ती म्हणाली. "चुका इथूनही सापडतात."

तो पहिल्यांदाच त्या गाडीत बसला. गुडघे हनुवटीशी आले. बूट नसलेला सांधा आहे, त्याने बजावलं, हळू चालव आणि वळणं कमी घे. घरापर्यंत सातच वळणं आहेत.

रोवेनाने मान डोलावली, आणि फाटकातून गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला घातली. त्या रस्त्याने घर येतं, पण एकोणीस वळणांनी.

तपासनिसाने त्यातलं एकही वळण चूक धरलं नाही.