मऊ बाटली

बसड्रायव्हर आत आला, पण बसायला तयार होईना.

"माझ्या बाटलीत दारू कुणी घातली ते शोधा," तो म्हणाला. "आणि सापडला की आधी मला सांगा. पोलिसांना मागून."

"कुणावर संशय आहे?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"मेहुण्यावर. दुसऱ्या कुणावर असणार?"

कोपऱ्यात बसलेल्या भावोजींनी वहीत 'मेहुणा' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ते बाईंचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली काम करत होते आणि रोज एकदा तरी केस सोडवत होते, बहुतेक वेळा चुकीची.

"वहिनी, झालं काम," ते म्हणाले.

"भावोजी, यांना पाणी द्या."

ड्रायव्हर पाणी प्यायला आणि मग बसला. चार वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली होती. मुलीसमोर बायकोला शब्द देऊन. पाच महिन्यांपूर्वी बायको वारली.

"दारू सुटली ती तिच्या आल्याच्या पेयामुळे," तो म्हणाला. "हातात फेसाचा ग्लास असला की माझा हात थांबायचा. वजन वाढू नये म्हणून साखरही बेताचीच घालायची. आता मीच करतो. तिच्या पद्धतीने."

"पद्धत सांगा. काही गाळू नका."

"बरणीत किसलेलं आलं आणि पाणी. रोज एक चमचा साखर घालायची, म्हणजे बुडबुडे येत राहतात. त्यातलं कपभर गाळून लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचं. वर पाणी, लिंबू, दोन सपाट चमचे साखर. झाकण घट्ट लावून ओट्यावर ठेवायची. रोज दाबून बघायची. दगडासारखी कडक झाली की फ्रिजमध्ये. ती म्हणायची, घड्याळ बघू नका, बाटली दाबा."

"कडक व्हायला किती वेळ लागतो?"

"एक दिवस. फार तर दीड. या खेपेला मात्र पाच लागले. सोमवारी भरल्या दोन बाटल्या, रोज दाबतोय तर मऊच. शनिवारी सकाळी कडक झाल्या. हवा बदलली असेल."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग?"

"शनिवारी दुपारची पाळी होती. जेवणाऐवजी अख्खी बाटली प्यायलो आणि डेपोत गेलो. दारू तपासायच्या नळीत फुंकलं तर मशीन बोंबलायला लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातून किल्ली काढून घेतली."

"जेवणाऐवजी?"

"भूक लागत नाही हल्ली."

"चव कशी होती?"

"कोरडी. नेहमीपेक्षा कमी गोड. आल्यापुढे बाकी काही कळलं नाही." त्याने ग्लास आपटला. "नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण पोरगी सामान बांधून बसली आहे. आज मामाकडे कायमची निघाली. म्हणते, तुम्ही आईला फसवलंत. मी थेंबाला शिवलो नाही हो! आणि माझीच मुलगी माझ्याकडे बघत नाही!"

*

दार ड्रायव्हरच्या थोरल्या बहिणीने उघडलं. भावजय गेल्यापासून घर तीच बघत होती. तिची बोटं सांध्यांत सुजलेली होती.

"हे चहाच्या डब्याचं झाकण काढून द्या," तिने भावोजींना सांगितलं. "माझ्याने हल्ली काही फिरववत नाही. आणि चहा बिनसाखरेचा आहे. मला मधुमेह, याला वजनाची जुनी धास्ती, पोरीला गोड आवडत नाही. तरी साखरेला पाय फुटलेत या घरात. सोमवारी डबा भरलेला होता, गुरुवारी तळ खरवडलेला. शनिवारी सकाळी कुठे नवी आणली."

"मुंग्या असतील," भावोजी म्हणाले.

"मुंग्यांनी डबाभर खाल्ली?"

मेहुणा भाचीची बॅग घेऊन दाराशीच उभा होता. ड्रायव्हरला बघताच त्याचं तोंड सुटलं.

"गुप्तहेर आणलात! दारुड्याला आता साक्षीदारही हवेत! माझी बहीण तुमच्या पायी झिजून मेली, कळतंय का?"

"तूच घातलीस बाटलीत!"

"मी? मी एरवी रविवारशिवाय या उंबऱ्याला पाय लावत नाही, आज पोरीला न्यायला आलो. तुमचं तोंड बघायला लागतं म्हणून!"

"खरं आहे," आत्या म्हणाली. "आला तो रविवारीच. तोवर सगळं होऊन गेलं होतं."

मुलगी आतल्या खोलीच्या चौकटीत उभी होती. कॉलेजात शिकणारी, डोळे रडून लाल.

"तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी तिला विचारलं.

"मला काय वाटायचंय? मशीन खोटं बोलत नाही." ती बापाकडे न बघता बोलली. "वाळून काठी झालेत. जेवायला वाढलं की ताट सरकवतात. माणूस नुसत्या पाण्यावर असा जगतो का? मी किती दिवस बघायचं ते? आणि मी इकडे जिवाचं रान करतेय, तर हे..." तिने वाक्य गिळलं.

"जिवाचं रान म्हणजे काय करत होतात?"

"काही नाही."

बाईंनी फ्रिज उघडला. दुसरी बाटली तशीच होती. त्यांनी ती उजेडात धरली. तळाशी बोटभर पांढरा गाळ बसला होता. झाकण हळूहळू सैल करून त्यांनी ग्लासात थोडं ओतलं.

"भावोजी, गोड आहे का बघा."

भावोजींनी घोट घेतला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गोड? छे! वहिनी, ही दारूच आहे! घातली हो कुणीतरी!"

"घातली नाही. बसा सगळे. तुम्हीसुद्धा, मामा. बॅग खाली ठेवा."

*

"वरून दारू ओतली असती तर मुळातलं पेय तसंच राहिलं असतं. हे जास्त कोरडं आहे आणि खाली एवढा गाळ आहे. म्हणजे दारू बाटलीतच तयार झाली. बरणीतलं पाणी साखर खातं. त्यातून गॅस होतो आणि थोडी दारूही. दोन चमचे साखर आणि एक दिवस, एवढ्यात दारू नावालाच होते. तुमच्या बायकोचा हिशेब चोख होता."

"मीही दोनच घातले," ड्रायव्हर गुरगुरला.

"तुम्ही दोनच. पण बाटली पाच दिवस मऊ का राहिली? हवा बदलून नाही. गॅस होत होता, पण कुणीतरी रोज झाकण उघडत होतं आणि तो निघून जात होता. तुम्ही बायकोच्या शिकवणीप्रमाणे बाटली दाबत राहिलात आणि वाट बघत राहिलात. तेवढे दिवस आत दारू वाढत गेली."

"रोज उघडायचं कशाला?" भावोजींनी विचारलं.

"साखर घालायला. सोमवारी भरलेला डबा गुरुवारी संपला. शुक्रवारी घालायला काही उरलं नाही, म्हणून झाकण उघडलं गेलं नाही. शनिवारी बाटल्या कडक."

"मामा रविवारशिवाय येत नाहीत. आत्यांना चहाच्या डब्याचं झाकण फिरवता येत नाही. आणि नीट विचार करा, वैऱ्याने दारू ओतली असती. साखर कोण घालतं? ज्याला वाटतं की हा माणूस जेवत नाही, निदान एवढं तरी त्याच्या पोटात जाऊ दे, तो."

मुलगी उठून उभी राहिली.

"पप्पा आंघोळीला गेले की घालायचे," ती म्हणाली. "चार-चार चमचे. मला वाटलं, अंगाला लागेल. गोड लागलं तर ओरडतील अशी भीती होती, पण ते काही बोललेच नाहीत. मला काय माहीत त्याची..." मग एकदम तिचा आवाज चढला. "तर काय करू? विचारलं असतं तर खाल्लं असतंत? आई गेली म्हणून तुम्हीही जाणार होतात का? मग मी कुणाकडे बघायचं?"

"आईच्या बाटलीत हात घातलास?" ड्रायव्हर ओरडला. "न विचारता? आणि वर मलाच दारुड्या म्हणालीस!"

"म्हणाले! आणि तुम्ही मला पाच महिन्यांत एकदा तरी विचारलंत, जेवलीस का म्हणून?"

ड्रायव्हरचा राग गेला नव्हता. तो कुठे टाकायचा ते त्याला कळत नव्हतं.

"ही बाटली मी डेपोत घेऊन जाते," बाई म्हणाल्या. "तपासायला देतील. काय झालं ते मी स्वतः सांगेन. मामा, उंबऱ्यावरून जे बोललात ते आता खाली बसून परत घ्या."

मेहुण्याने मान खाली घातली. "चुकलं, दाजी," तो कसाबसा म्हणाला.

ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो पाटाशी गेला आणि धपकन बसला.

"अक्का, वाढ," तो बहिणीवर खेकसला. "दोन ताटं. हिनेही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, दिसतंय ना तोंडावरून!"

मुलगी डोळे पुसत ओट्यापाशी गेली. आल्याच्या बरणीचं झाकण काढून तिने डब्यातली चमचाभर साखर घेतली.

"सपाट," बाप ताटावरून ओरडला.

"माहितीये," तिने ओरडूनच सांगितलं आणि बोटाने चमचा सपाट केला.

भावोजींनी वही काढली आणि 'मेहुणा' खोडला.